पश्चिमेची बाल्कनी, अंधारा हॉल: खिडकी उडू न देता फोटो कसा काढायचा

प्रश्नातली परिस्थिती आधी थोडक्यात. टू-बीएचके फ्लॅटचा हॉल, पश्चिमेला बाल्कनीचा मोठा सरकता काचेचा दरवाजा, शेजारी ग्रिलची एक खिडकी. इंटीरियरचं काम नुकतंच संपलंय, पोर्टफोलिओसाठी फोटो हवेत. हाताशी क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ ची किट लेन्स, ट्रायपॉड आणि एक स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा सुटा फ्लॅश. दुपारी चारला काढलेल्या फोटोंत सोफा नीट आला की बाहेरचं सगळं पांढरं फटक, आणि बाहेरच्या इमारती दिसल्या की आत मिट्ट काळोख. एचडीआर ॲपमधून, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम एकत्र करणाऱ्या ॲपमधून, काढला तर भिंती मळकट करड्या आणि दरवाजाच्या चौकटीभोवती उजळ कड.

साहित्य पुरेसं आहे, नवीन काही घेऊ नका. वेळ मात्र चुकली आहे, आणि ती बदलली की निम्मं काम तिथेच होतं.

आधी आकडे बघू. उन्हातल्या इमारती आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/८ ला (लेन्सच्या छिद्राचा आकडा) साधारण १/४०० सेकंदात बरोबर येतात. त्याच वेळी बाल्कनीच्या छपराआडच्या हॉलमध्ये दिवे बंद असतील तर एफ/८ लाच अर्धा सेकंद लागतो. म्हणजे २०० पट फरक, साडेसात स्टॉपच्या आसपास (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). शिवाय खोलीतल्या खोलीतही पांढरं छत आणि सोफ्याखालची सावली यांत चार-पाच स्टॉप असतात. कागदावर आजचे सेन्सर हे सगळं एका रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) धरतात. पण बाहेरचं वाचवायला मुद्दाम गडद काढलेली फाइल संपादनात पाच-सहा स्टॉप वर खेचली की सावल्यांत दाणे येतात, लाकडाचा रंग जांभळट होतो आणि क्रीम भिंतीवर डाग दिसू लागतात. आपल्याला समोर उभं राहून दोन्ही व्यवस्थित दिसतं, कारण नजर जिथे जाते तिथल्या उजेडाला डोळा जुळवून घेतो. कॅमेऱ्याला ही सवलत नाही.

यातून बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: आत-बाहेर सारखं उजळ करायचं. फोटो तिथेच बिघडतो. दिवसा घरात बसल्यावर खिडकी खोलीपेक्षा उजळच दिसते. ती खोलीइतकी किंवा खोलीपेक्षा गडद झाली की काचेवर पोस्टर चिकटवल्यासारखं वाटतं. बाहेरचं दृश्य ओळखू यावं, पण खोलीपेक्षा एक ते दीड स्टॉप उजळ राहावं, हे लक्ष्य ठेवा. पुढचं सगळं त्यासाठीच आहे. सोय अशी की लक्ष्य हे ठेवलं की साडेसात स्टॉपपैकी सहाच मिटवायचे उरतात.

वेळेबद्दल. पश्चिमेकडे तोंड असलेल्या बाल्कनीसाठी दुपारी चार ही दिवसातली सगळ्यात वाईट वेळ. सूर्य समोर असतो, त्यामुळे त्या बाजूचं आकाश पांढरं, समोरच्या इमारतींची आपल्याकडची बाजू सावलीत, आणि फरशीवर उन्हाचा पट्टा. तो पट्टा उन्हातल्या इमारतींइतकाच प्रखर असतो, म्हणजे उडणारी खिडकी आता जमिनीवरही आली. त्याच बाल्कनीतून सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान बघा: सूर्य आपल्या इमारतीच्या मागे असतो, समोरच्या इमारतींवर ऊन थेट पडलेलं असतं, आकाश निळं दिसतं आणि हॉलमध्ये ऊन शिरत नाही. पूर्वेच्या खिडकीसाठी हेच उलट, दुपारी तीननंतर. दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात ऊन खोलवर येतं, तिथे ढगाळ दिवस शोधा. उत्तरेची खिडकी वर्षातला बराच काळ निर्धोक. फक्त मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ तर आणखीच उत्तरेला, तेव्हा त्या खिडकीतही तिरपं ऊन येऊ शकतं. पावसाळ्यातला सरसकट ढगाळ दिवस इंटीरियरसाठी चांगला. आत-बाहेरचा फरक दोन-तीन स्टॉपनी कमी होतो. आकाश पांढरं येतं, पण ते तसंच असतं.

आता बाहेर दिसायलाच हवं का, हेही ठरवा. समोर टेकडी, झाडं किंवा समुद्र असेल तर हवंच. समोरच्या इमारतीचे एसीचे बाहेरचे युनिट आणि वाळत घातलेले कपडे असतील तर पातळ नेटचा पडदा ओढून घ्या. असा पडदा उजेड एक ते दोन स्टॉपनी खाली आणतो, प्रकाश खोलीत पसरवतो आणि बाहेरचं फक्त सुचवतो. डिझायनरने पडद्यावर पैसे खर्च केलेले असतात, तेही दिसतात. आणि दर फोटोत खिडकी समोरासमोर आणू नका. हॉलचे तीन फोटो काढायचे असतील तर एकातच ती समोर असू दे. दुसऱ्यात ती फ्रेमच्या कडेला तिरपी घ्या, म्हणजे तिचा उजेड सोफ्याच्या कापडावर बाजूने येईल आणि पोत उठून दिसेल. तिसरा फोटो खिडकीकडे पाठ करून काढा, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

कॅमेरा लावण्याआधी खोली. पंखा बंद करा, आणि बंद केल्यावरही त्याच्याकडे लक्ष ठेवा: बाल्कनी उघडी असली की वाऱ्याने पातं हळूहळू फिरत राहतं, आणि चार फ्रेम एकत्र केल्यावर तीन पात्यांची सात होतात. पडदे बांधून घ्या किंवा त्यांच्या खालच्या कडेला मागून चिकटपट्टी लावा. काच दोन्ही बाजूंनी पुसा, नव्या घरात तिच्यावर पीओपीची पांढरी धूळ असतेच. लेन्स पुसा आणि पुढे स्क्रू केलेला स्वस्त यूव्ही फिल्टर असेल तर काढा. उजळ खिडकीसमोर लांब एक्स्पोजर दिलं की ग्रिलच्या गजांना उजेड खाऊन टाकतो, ते बारीक आणि निळसर होतात. लेन्सवरचा बोटाचा ठसा किंवा तो फिल्टर हे याचं नेहमीचं कारण.

मच्छरजाळीचा पल्ला विसरला जातो. तीन ट्रॅकच्या खिडकीत दोन काचेचे आणि एक जाळीचा पल्ला असतो. जाळीआडची अर्धी खिडकी दुधट आणि एक छटा गडद येते, उरलेली अर्धी स्वच्छ, आणि दोन अर्ध्यांचा रंग नंतर जुळवत बसावं लागतं. फ्लॅश वापरला तर जाळी स्वतःच पांढरी उजळते आणि मागचं काहीच दिसत नाही. बाल्कनीच्या दरवाजाचा जाळीचा पल्ला सहसा वर उचलून खालच्या ट्रॅकमधून काढता येतो, तो काढून बाजूला ठेवा. ग्रिल नसलेल्या खिडकीचा पल्ला वरच्या मजल्यावर काढायच्या फंदात पडू नका, तिथे तो फ्रेमबाहेरच्या अर्ध्यात सरकवणं बरं.

दिवे. आपल्याकडच्या हॉलमध्ये फॉल्स सीलिंगच्या कडेला ३००० केल्विनची पिवळट पट्टी आणि भिंतीवर ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब, दोन्ही एकाच वेळी लागलेल्या असतात. त्यात खिडकीचा निळसर उजेड. तिन्हींना सांभाळणारा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यातली रंगाची जुळवणी) अस्तित्वात नाही. दिवसाच्या फोटोसाठी सगळे दिवे बंद करून एक पूर्ण मालिका काढा, मग फक्त पिवळे लावून दुसरी. दिव्यांची ऊब हवी असेल तर दुसरीतला तेवढाच भाग नंतर हलक्या हाताने पहिलीत मिसळता येतो.

कॅमेऱ्याची उंची हॉलमध्ये १२० सेंटिमीटरच्या आसपास, बेडरूममध्ये त्याहून थोडी कमी, स्वयंपाकघरात ओट्याचा पृष्ठभाग जेमतेम दिसेल एवढी. ओटा साधारण ८५ सेंटिमीटर असतो, म्हणजे तिथे १२५-१३० धरा. डोळ्याच्या उंचीवरून काढला की कॅमेरा खाली झुकवावा लागतो आणि भिंती वरच्या बाजूला बाहेर कलायला लागतात. कॅमेरा लेव्हलवर, ग्रिड चालू, उभ्या रेषा उभ्याच. किट लेन्सची १८ मि.मी. बाजू तुमच्या हॉलला कोपऱ्यातून पुरते. जास्त वाइड लेन्स भाड्याने मिळाली तरी क्रॉप सेन्सरवर १२ मि.मी.च्या खाली जाऊ नका: कडेची खुर्ची ताणली जाते आणि दहा फुटांची खोली वीस फुटांची दिसते, जे घर बघायला आलेल्या माणसाला दारातच कळतं.

सेटिंग मॅन्युअल. एफ/८, आयएसओ १००, रॉ. व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर, दिवसाला ५५०० ठीक. फोकस एकदा खोलीच्या एक तृतीयांश अंतरावर करून मॅन्युअलवर टाका. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर ट्रायपॉडचे पाय सरकतात, रबर झिजलेलं असेल तर खाली पातळ रबराचे तुकडे ठेवा. आता फक्त शटर बदलत ही मालिका काढा: २ सेकंद, १/२, १/८, १/३०, १/१२५, १/५००. प्रत्येक पायरी दोन स्टॉपची. छिद्र बदलायचं नाही, त्याने फोकसची खोली बदलते आणि थर एकमेकांवर नीट बसत नाहीत. कॅमेऱ्याचं ऑटो ब्रॅकेटिंग (कमी-जास्त एक्स्पोजरच्या फ्रेम आपोआप काढण्याची सोय) तीनच फ्रेमचं असेल तर पहिल्या तीन, मग पुढच्या तीन असं दोनदा चालवा, किंवा वायफायवरून फोनच्या ॲपने शटर बदला. डायल फिरवताना कॅमेरा अर्धा मिलिमीटर हलला तरी ग्रिलला दुहेरी कडा येतात. शटर मेकॅनिकल ठेवा. सायलेंट शटरवर एलईडी दिव्यांच्या प्रकाशात आडवे पट्टे येतात, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅशही पेटत नाही.

सहाही फ्रेम सॉफ्टवेअरच्या तोंडी देण्याची गरज नाही. लाइटरूमच्या एचडीआर मर्जला २ सेकंद, १/८ आणि १/१२५ अशा तीन पुरतात, फक्त त्यांत चार-चार स्टॉपचं अंतर पडतं, म्हणून सावल्यांत दाणे दिसले तर मधल्याही घाला. ऑटो सेटिंग बंद. डीघोस्ट बंद, कारण तो पडद्याच्या चुण्यांना हालचाल समजून ठिगळं लावतो. मर्ज झालेली फाइल दिसायला नीरस असते आणि तशीच असावी. तिच्यात हायलाइट स्लायडर शेवटपर्यंत खाली आणि शॅडो शेवटपर्यंत वर केलं की तुम्हाला ॲपमध्ये दिसलेली तीच मळकट भिंत आणि तीच उजळ कड परत मिळते. अशा टोन मॅपिंगमध्ये प्रोग्रॅम प्रत्येक ठिकाणी आजूबाजूची सरासरी बघून उजेड ठरवतो. खिडकीजवळच्या भिंतीची सरासरी खिडकीमुळे वर जाते, म्हणून तिथली भिंत तो वेगळ्या छटेत नेतो. पांढऱ्या भिंतींच्या घरात हे लगेच उघडं पडतं. हायलाइट उणे ५० पर्यंत, शॅडो अधिक ३० पर्यंत, आणि खिडकीसाठी वेगळा मास्क (बदल फक्त निवडलेल्या भागाला लावण्याची सोय), एवढ्यात भागवा.

तुमच्याकडे फ्लॅश आहे, म्हणून खिडकीसाठी याहून स्वच्छ मार्ग सांगतो. फोटोग्राफर याला विंडो पुल म्हणतात. ट्रायपॉड आणि छिद्र तेच ठेवून शटर कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडवर, म्हणजे फ्लॅश नीट चालतो त्या सगळ्यात वेगवान शटरवर आणा, बहुतेक कॅमेऱ्यांत १/१६० ते १/२५०. एफ/८ ला १/२०० म्हणजे बाहेरच्या इमारती बरोबर एक्स्पोजरपेक्षा एक स्टॉप उजळ, आपल्याला हव्या तशाच. आता स्पीडलाइट पूर्ण ताकदीवर ठेवून दरवाजाच्या चौकटीकडे, आजूबाजूच्या भिंतीकडे आणि पडद्यांकडे थेट रोखा. गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला मीटरमधल्या अंतराने भागलं की एफ-आकडा मिळतो) ३६ असलेला फ्लॅश तीन मीटरवरून एफ/१२ इतका प्रकाश टाकतो, म्हणजे एफ/८ ला भिंत एक स्टॉपहून जास्त उजळते. ही फ्रेम दिसायला भयानक असते, कडक सावल्या आणि चुन्यासारखी भिंत. तिचं काम वेगळं आहे.

फोटोशॉपमध्ये ती खोलीच्या चांगल्या फ्रेमवर ठेवा आणि ब्लेंड मोड डार्कन करा. डार्कन दोन थरांतला जो बिंदू गडद तो ठेवतो. भिंत फ्लॅशच्या फ्रेममध्ये जास्त उजळ आहे, म्हणून भिंत खालच्या थराची राहते. काचेतलं बाहेरचं दृश्य फ्लॅशच्या फ्रेममध्ये गडद आहे, म्हणून ते वरच्या थराचं येतं. ग्रिलचा एकेक गज कापत बसायची गरज पडत नाही, गजांना फ्लॅशने उजळलेलं असतं. मग काळा मास्क लावून फक्त काचेच्या भागावर पांढरा ब्रश फिरवा आणि थराची अपारदर्शकता ७० ते ८५ टक्क्यांवर आणा.

बिघडतं ते तीन-चार ठिकाणी. काचेत फ्लॅशचं प्रतिबिंब: फ्लॅश कॅमेऱ्याजवळ असला की येणारच. तो हातात घेऊन बाजूला, दरवाजाशी तिरपा धरा, किंवा दरवाजा सरकवून उघडा ठेवा. वायरलेस ट्रिगर नसेल तर टायमर लावून फ्लॅशचं टेस्ट बटण काही कामाचं नाही, १/२०० मध्ये वेळ साधत नाही. टीटीएल केबल (कॅमेरा आणि फ्लॅश जोडणारी तार) किंवा साधा मॅन्युअल ट्रिगर घ्या. हायस्पीड सिंक (सिंक स्पीडहून वेगवान शटरवर फ्लॅश चालवायची सोय) लावून १/५०० वर जायचा मोह होतो, पण त्यात फ्लॅशची ताकद इतकी पडते की भिंत उजळत नाही आणि डार्कनचं गणितच मोडतं. काळं ग्रिल किंवा गडद पडदा असेल तर फ्लॅश पुरत नाही, तिथे एक फ्रेम डावीकडून आणि एक उजवीकडून फ्लॅश मारून घ्या. बाल्कनीतल्या कुंड्यांवर फ्लॅश पोचला तर पानं चकाकतात. त्या भागाला फ्लॅशविना काढलेली १/१२५ ची फ्रेम वापरा, तिची उजळता १/२०० ला जवळची असते. नेटचा पडदा आडवा असेल तर विंडो पुल करूच नका, पडदा राखाडी होतो.

त्याच फ्लॅशची आणखी एक फ्रेम उपयोगी पडते. तो कॅमेऱ्याच्या मागे वरच्या कोपऱ्यात, छताकडे रोखून मारा. छत पांढरं पीओपी असेल तरच, लाकडी किंवा रंगीत असेल तर तो रंग अख्ख्या खोलीवर सांडतो. या फ्रेममध्ये लाकूड, भिंत, कापड यांचे रंग खरे येतात, पण प्रकाश सपाट असतो. तिच्यावर नैसर्गिक उजेडाची फ्रेम ल्युमिनॉसिटी मोडमध्ये ५० टक्क्यांच्या आसपास ठेवली की रंग फ्लॅशचा आणि उजेडाची दिशा खिडकीची राहते. समोरच्या हिरव्या झाडामुळे किंवा रंगीत इमारतीमुळे छतावर पडलेली छटा यानेच सगळ्यात कमी त्रासात जाते.

फरशी राहिली. व्हिट्रिफाइड टाइलवर दरवाजाचं पांढरं प्रतिबिंब लांबलचक पसरतं आणि लोक लगेच पोलरायझर (चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर) सुचवतात. तो टाइलकडे साधारण ३५ अंशांच्या कोनातून बघताना सर्वात जास्त काम करतो. कॅमेरा १२० सेंटिमीटरवर असेल तर ते ठिकाण पायापासून पावणेदोन मीटरवर येतं. चार मीटरवर कोन १७ अंशांपर्यंत खाली येतो आणि परिणाम बराच घटतो. म्हणजे जवळची फरशी कोरडी, मॅट आणि दाराशी तशीच चकाकणारी. वापरायचाच तर पोलरायझरसह एक आणि त्याच्याविना एक अशा दोन फ्रेम घेऊन अर्धवट मिसळा. तो दीड-दोन स्टॉप उजेडही खातो. माझ्या मते सतरंजी टाकणं किंवा कॅमेरा वीतभर खाली-वर करून प्रतिबिंब टीपॉयच्या आड घालवणं सोपं. फरशी चकचकीत घेतली आहे, तर थोडी चकाकी फोटोतही राहू द्यावी.

संपादनाच्या शेवटी खिडकीतल्या दृश्याचं सॅच्युरेशन १०-१५ ने आणि कॉन्ट्रास्ट थोडा कमी करा. खोलीतून बघताना बाहेरचं किंचित फिकट दिसतं, तसं. पांढऱ्या भिंतीचे लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे २२५ ते २३५ च्या दरम्यान एकमेकांजवळ असावेत, खिडकीतलं आकाश त्याच्या वर, पण २५५ ला टेकलेलं नको. आकाश बदलण्याचं बटण आता बऱ्याच प्रोग्रॅममध्ये आहे. पोर्टफोलिओत ढग बदलले तर कुणाचं नुकसान नाही. फ्लॅट विकायचा किंवा भाड्याने द्यायचा असेल तर समोरचा ट्रान्सफॉर्मर पुसून तिथे झाड लावणं ही फसवणूक आहे, ते करू नका.

एका फ्रेममध्ये सगळं हवं असेल तर संध्याकाळ आहे. सूर्यास्तानंतर बाहेरचा उजेड उतरत उतरत दिव्यांच्या पातळीला येतो, आणि तेवढा वेळ खिडकीचा त्रास आपोआप मिटतो. आपल्याकडे संधिप्रकाश छोटा, सूर्यास्तानंतर साधारण १५ ते २५ मिनिटांचा काळ कामाचा. पश्चिमेचं आकाश सगळ्यात शेवटी विझतं, त्यामुळे तुमच्या बाल्कनीला दोन-चार मिनिटं जास्त मिळतील. कॅमेरा आधीच लावून ठेवा, फक्त पिवळे दिवे लावा, व्हाइट बॅलन्स ३५०० च्या आसपास, म्हणजे बाहेर निळं आणि आत उबदार येईल. दर दोन मिनिटांनी एक फ्रेम घ्या. पहिल्या काहींत आकाश फिकं असेल, शेवटच्यांत काचेत खोलीचंच प्रतिबिंब दिसू लागेल, कामाची फ्रेम मधे कुठेतरी सापडते. एवढ्या वेळात एकच खोली होते. हॉल आणि बेडरूम दोन्ही संध्याकाळचे हवे असतील तर दोन दिवस धरा.

याच घराचा व्हिडिओही हवा असेल तर वरची मालिका आणि विंडो पुल चालत नाही, कारण तिथे फ्रेम मिसळता येत नाहीत. काचेला बाहेरून एनडी जेल (उजेड कमी करणारा करडा पारदर्शक कागद) लावतात, ०.६ ची दोन स्टॉप आणि ०.९ ची तीन स्टॉप उजेड कापते, पण सहाव्या मजल्यावर ते कोण लावणार. व्हिडिओसाठी ढगाळ सकाळ आणि ओढलेला नेटचा पडदा, किंवा वरची संध्याकाळची वेळ. फोनने काढत असाल तर अर्ध्या एक्सची वाइड लेन्स टाळा, तिचा सेन्सर लहान असतो आणि सावल्या लवकर फाटतात. मुख्य लेन्स, फोन क्लॅम्पमध्ये, बोट भिंत आणि खिडकी यांच्या मधल्या छटेवर दाबून एक्स्पोजर लॉक, आणि ते साधारण एक स्टॉप खाली ओढून घ्या.